दार बंद ठेवून बांधलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात माझ्या रोडस्टरपाशी लोक थांबतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात अवघड काय गेलं? मी सांगतो, चासी, म्हणजे गाडीची खालची लोखंडी चौकट. जुनी चासी गंजलेली तर असतेच, वर तिरकीही असते, आणि ती तिरकी आहे हे आपल्याला अर्धं काम झाल्यावर कळतं. लोक माना डोलावतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीकडे जातात. उत्तर खोटं नाही. पण खरी गोष्ट त्यात नसते, आणि ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. इथेही सांगू की नको असं करत बरेच दिवस काढले.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोडस्टर म्हणजे बिनछपराची, दोन माणसांची, फार जुनी अमेरिकन मोटार. पूर्वी इथे अमेरिकेत पोरं असल्या टाकाऊ गाड्या उचलून आणायची, मडगार्ड काढून फेकून द्यायची, गाडी जमिनीलगत बसवायची, मोठं इंजिन घालायची आणि सुसाट सोडायची. तिला हॉट रॉड म्हणतात. ‘पारंपरिक’ हॉट रॉड बांधणारे लोक मात्र आपल्याकडच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखे कडक असतात. त्या काळी जे मिळत होतं तेच वापरायचं. नव्या काळातला एक बोल्ट दिसला तरी नाक मुरडतात.

आता हा नाद मला कुठून लागला, हे मलाही सांगता यायचं नाही. नाशिकच्या आमच्या घरात बल्ब बदलायलाही माणूस बोलवायची पद्धत. वडील बँकेत होते. पान्हा आणि पक्कड यातला फरक त्यांना शेवटपर्यंत कळला नसावा. मीही तसाच. पण व्हर्जिनियात आल्यावर एका जत्रेत मी असली गाडी पहिल्यांदा पाहिली. तिचं इंजिन उघडं होतं. सगळं दिसत होतं, कुठला पाइप कुठून निघतो, कुठे जातो. मी जन्मभर सॉफ्टवेअरचं जे काम केलं त्यातलं काहीही कधी डोळ्यांना दिसलं नव्हतं. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. बायको दोनदा बोलवायला आली.

पुढे शेनंदोआ खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्याच्या गोठ्यातून मी एक पत्र्याची बॉडी आणि चासी उचलून आणली आणि हर्नडनच्या आमच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली ठेवली. वर्षानुवर्षं ती तशीच पडून होती. बायको तिला ‘सांगाडा’ म्हणायची. ‘तुझा सांगाडा जरा सरकव, मला फ्रीझरपर्यंत जायचंय.’ मी म्हणायचो, रिटायर झालो की बांधीन.

रिटायर व्हायच्या आत नोकरी गेली. गणपतीनंतर लगेच. एक व्हिडिओ कॉल झाला, बोलणारी बाई ओळखीची नव्हती, आणि कॉल संपायच्या आत कंपनीनं माझा लॅपटॉप बंद करून टाकला. असं हल्ली सगळ्यांचंच होतं, त्यात आपला दोष नसतो वगैरे मी स्वतः दहा मित्रांना सांगितलेलं होतं. स्वतःवर आलं तेव्हा त्यातलं एक अक्षर उपयोगी पडलं नाही. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून देश सोडायची वेळ आली नाही. बायकोची नोकरी चांगली होती, मुलगी मिशिगनला शिकत होती तिथे शिकत राहिली. घर चाललं. म्हणजे तक्रार करण्यासारखंही काही नव्हतं, आणि हेच जास्त झोंबायचं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

मराठी मंडळात मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्यात नोकरी म्हणजे माणसाचं आडनाव असतं. ‘हे अमुक कंपनीतले’ अशीच ओळख करून देतात. कंपनी गेली की ओळख करून देणारा क्षणभर अडखळतो आणि मग म्हणतो, ‘सध्या जरा ब्रेक घेतलाय.’ ते ‘सध्या जरा’ मी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात हसलो होतो.

राहिली आई. तिचं तिकीट आधीच काढलेलं होतं. दिवाळी झाली की यायचं, सहा महिने राहायचं. बायको म्हणाली, “आईंना सांगून टाक. त्या काही बोलणार नाहीत.”

मी म्हणालो, “तिचं बीपी आहे. उगाच काळजी करेल. तोवर मिळेल काहीतरी.”

“मिळालं नाही तर?”

“मिळेल म्हणतोय ना,” असं मी खेकसलो. बीपीचं कारण साफ खोटं होतं. नाशिकच्या आमच्या गल्लीत आई कुणाची कोण आहे? तर अमेरिकेतल्या इंजिनियरची आई. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला त्याच नावानं ओळखतात. तिच्या डोळ्यांसमोर मी नुसता माणूस होऊन उभा राहायला तयार नव्हतो. एवढंच होतं ते. लाज वाटत होती मला.

तर आई आली, आणि मी तिला सांगितलं की हल्ली ऑफिस घरूनच असतं, दिवसभर मीटिंगा असतात. तिला ते पटलं. तिच्या सगळ्या मैत्रिणींची मुलं असंच काहीतरी करतात. सकाळी बायको गेली की मी कानाला हेडफोन लावून वरच्या खोलीत बसायचो, थोडा वेळ ‘हॅलो हॅलो’ करायचो, मग खोलीचं दार लोटून मागच्या जिन्यानं खाली गॅरेजमध्ये. ताडपत्री मी दिवाळीच्या आधीच काढली होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत.

एक मात्र पथ्य होतं. गॅरेजचं पुढचं मोठं दार उघडायचं नाही. आमच्या कॉलनीत मुलांकडे आलेले आईबाप भरपूर. सकाळी दहा-अकराला ही मंडळी फिरायला निघतात. साडी, त्यावर जाकीट, पायांत सुनेचे जुने स्पोर्ट शूज, डोक्यावर माकडटोपी. कॉलनीला फेऱ्या मारता मारता कुणाचं गॅरेज उघडं, कुणाची गाडी कामाच्या दिवशी दारात, कुणाकडे कालचं पार्सल अजून पडलंय, सगळी नोंद होते. त्यांत पुण्याच्या एक काकू होत्या, मुलीकडे आलेल्या. बाई मनाची मोकळी, पण नजर अशी की घरातला भात करपलेला रस्त्यावरून ओळखतील. या काकूंनी मला मंगळवारी सकाळी गंजक्या लोखंडावर पालथा पडलेला पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ते नाशिकला कळलं असतं. आईही त्यांच्याबरोबर फिरायला जायची. म्हणून दार बंद.

बंद दाराआड मी जे दिवस काढले ते आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हेही सांगायला हवं. त्याचीच तर जास्त लाज वाटते. वेल्डिंग मी नव्यानं शिकलो. पहिले जोड बघून कुणीही म्हणालं असतं की यावर कबुतरं बसली होती. मग हात बसत गेला. चासी कापली, सरळ केली, पुन्हा जोडली. पुढचा आस खाली घेतला, बॉडी त्यावर बसवली. जुनं आठ सिलिंडरचं इंजिन पूर्ण उघडलं, तडे गेलेत का पाहिलं, एकेक भाग घासून, धुऊन पुन्हा बांधलं. एक व्हॉल्व्ह नीट बसला की मी एकटाच हसायचो. इकडे बायको ट्रॅफिकमध्ये अडकून दमून यायची आणि विचारायची, “आज कुठे अर्ज केलास?” मी म्हणायचो, “केले दोन-तीन.” कधी केलेले असायचे. कधी नसायचे.

हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहायचंच. एकदा जेवताना आईनं माझा हात धरून पाहिला.

“कीबोर्ड एवढा मळतो का रे?”

“प्रिंटरची शाई आहे ती.”

“हो का? मग कुणाला तरी पुसायला सांग तो प्रिंटर,” असं म्हणून तिनं मला आणखी एक पोळी वाढली. तिला संशय होता का? त्या वेळी मी विचार केला नाही. मला पोळी गिळायची घाई होती.

जानेवारीत इंजिन सुरू करण्याजोगं झालं. नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा पेटलं की लगेच बंद करायचं नसतं. आतले भाग एकमेकांवर घासून बसेपर्यंत चांगल्या वेगात सलग चालू ठेवावं लागतं. असं काम करायचं तर गाडी बाहेर अंगणात ढकलायची, निदान दार पूर्ण वर करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. शनिवार-रविवारी केलं असतं तर कुणी काही म्हटलंही नसतं. पण शनिवारी बघे जमले असते. ‘अरे वा, एवढं सगळं केव्हा केलंस, वेळ कसा मिळाला,’ असं कुणीतरी विचारलंच असतं.

म्हणून मी कामाचा दिवस निवडला, आणि त्यातही मंडळी फिरून घरी परततात त्यानंतरची वेळ. सकाळी आईला सांगितलं, “शेजारी काहीतरी काम चाललंय, मोठा आवाज येईल, घाबरू नकोस. आणि आज माझी फार मोठी मीटिंग आहे. मध्ये हाक मारू नकोस.”

“बरं,” आई म्हणाली. “जेवायला थांबू का?”

“नको, तू जेवून घे.”

गॅरेजला मागच्या अंगणात उघडणारं एक छोटं दार आहे. मागे झाडं, तिकडे बघणारं कुणी नाही. माझं डोकं असं चाललं, की मागचं दार सताड उघडलं की धूर तिकडून जाईल. सायलेन्सरचे पाइप त्या दाराकडे वळवले. घरात जाणाऱ्या दाराच्या फटीतून हीटरची वायर आत नेलेली होती, त्यामुळे ते बोटभर उघडं राहत होतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही. आणि वारा त्या दिवशी मागूनच होता. म्हणजे धूर बाहेर जायच्या ऐवजी वारा तो आत ढकलत होता, बोटभर फटीतून घरात, आणि गॅरेजच्या बरोबर वर आईची खोली. मी स्वतः मागच्या दारात उभा होतो, ताज्या हवेत. इंजिनियर म्हणवतो मी स्वतःला.

आणि भोंगा? प्रत्येक अमेरिकन घरात छताला भोंगा असतो, धूर आणि विषारी वायू दोन्ही ओळखणारा. तो आमच्याकडेही होता. पण आपल्या लोकांच्या घरी त्याचं काय होतं हे आपल्या लोकांनाच माहीत. फोडणी पडली की ओरडतो. सत्यनारायणाला तर त्याला प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवावी लागते. आईनं आल्यावर पहिल्याच सकाळी देवापुढे धूप लावला आणि घरातले सगळे भोंगे एकदम कोकलायला लागले. एक ओरडला की सगळे ओरडतात. आई इतकी दचकली की तिच्या हातातली घंटा पडली. मीच स्टुलावर चढलो आणि एकेक करून सगळे काढले, सेल काढून ड्रॉवरमध्ये टाकले. तेव्हा मला मी फार कर्तव्यदक्ष मुलगा वाटलो होतो.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नाला पेटलं. तो आवाज काय सांगू. छातीत बसतो तो. तेलाचा काटा वर आला, स्थिर झाला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, धुरानं नव्हे. मी ॲक्सिलरेटरला आधार लावून मागच्या दारात उभा राहिलो आणि बघत राहिलो. माझ्या हातांनी केलेली एक वस्तू चालत होती. मला कुणी काढून टाकलेलं होतं हे त्या वेळात माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. वर आई आहे हेही.

सगळं ठरल्याप्रमाणे चालवून मी इंजिन बंद केलं. डोकं जड झालं होतं, म्हटलं आवाजानं असेल. मग एकदम वाटलं, कुणाला तरी सांगावं. बायको ऑफिसात. म्हटलं आईला सांगू. हो, खरंच तसं वाटलं. तिला खाली आणून गाडी दाखवावी, नोकरीचं वगैरे जे असेल ते आजच सांगून टाकावं. मी हात न धुताच जिना चढलो.

घरात धुराचा वास मला जिन्यातच आला. आई खोलीच्या दारात पडलेली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. ओकारी झालेली. डोळे उघडे होते, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. ती काहीतरी पुटपुटत होती, मला कळलं नाही. मी तिला उचलायला गेलो तर जमेना. काखेत हात घालून ओढत जिना उतरवला, प्रत्येक पायरीवर तिची टाच आपटत होती तो आवाज अजून ऐकू येतो. पुढच्या पायऱ्यांवर आणून तिला भिंतीला टेकवलं आणि नाइन-वन-वन फिरवला. मग बायकोला फोन केला, तेव्हा मी इंग्रजीत बोलत होतो आणि मधेच मराठीत, असं तिनं नंतर सांगितलं.

आगीचा बंब आला, मागून रुग्णवाहिका. सायरन ऐकून अख्खी गल्ली बाहेर. त्यांनी आईच्या नाकातोंडावर मास्क लावला, माझ्याही बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. दोघं जण हातात वायू मोजायचे मीटर घेऊन घरात शिरले, आणि सगळ्यात आधी त्यांनी काय केलं, तर गॅरेजचं मोठं दार आतून वर घेतलं. ते सरकत सरकत वर गेलं आणि सगळ्यांसमोर माझी गाडी उघडी पडली, दिवे नाहीत, रंग नाही, नुसतं लोखंड, आणि आजूबाजूला माझी हत्यारं, चहाचे कप, बसायचं स्टूल. इथे कुणीतरी रोज येऊन बसतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

पुण्याच्या काकू धावत आल्या होत्या, घरातल्या चपलांतच. त्यांनी स्वतःचं जाकीट काढून आईच्या पायांवर टाकलं, तिचे तळवे चोळायला लागल्या. कडाक्याची थंडी होती, त्यांच्या अंगावर नुसती साडी. चोळता चोळता माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, “अरे, तू आज घरी कसा?”

मी म्हणालो, “वर्क फ्रॉम होम आहे, काकू.”

आई समोर पांढरीफटक पडलेली, आणि माझ्या तोंडून हे वाक्य सहज निघालं. अडखळलोही नाही.

बंबावरच्या मुख्य माणसानं मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, इंजिन चालू असताना मोठं दार बंद का ठेवलं होतं?

“थंडी होती,” मी म्हणालो.

त्यानं मागच्या सताड उघड्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेला. त्यांच्यातला एक तरुण मात्र गाडीपाशी रेंगाळला होता. मला म्हणाला, चासी तुम्ही स्वतः केलीत? फार सुंदर काम आहे. आणि सांगायलाही जीभ रेटत नाही, पण माझ्या आईला स्ट्रेचरवर चढवत होते त्या वेळी मला त्या पोराचं बोलणं ऐकून बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

हॉस्पिटलात तिला ऑक्सिजनवर ठेवलं. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ तिथे पडून राहिल्या असत्या तर आपण हे बोलत नसतो. आता उतरतंय, वेळ लागेल, पण उतरतंय. बायको पोचली तेव्हा तिनं आधी आईच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. “मी डॉक्टरांशी बोलून येते,” एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

मी आईच्या उशाशी बसलो होतो. तिचा चेहरा हळूहळू तिच्यासारखा दिसायला लागला. तिनं डोळे उघडून मला ओळखलं, तसा मी तिच्यावरच चिडलो. माझा स्वभावच तसा आहे, घाबरलो की चिडतो.

“आई, एवढा त्रास होत होता तर हाक का नाही मारलीस? मी घरातच होतो ना?”

तिनं मास्क थोडा बाजूला केला. आवाज बारीक झाला होता. “तुझी मीटिंग होती ना. मोठी.”

मी तिची चादर उगाच सारखी केली.

“डोकं ठणकायला लागलं, मग मळमळायला लागलं. उठले होते मी. दारापर्यंत आले. म्हटलं मारावी हाक.” ती दम घेण्यासाठी थांबली. “पण मग वाटलं, तिकडच्या लोकांना ऐकू जाईल. म्हातारी ओरडतेय मागे. तुझा साहेब काय म्हणेल? म्हणून खालीच बसले जरा.”

दारात बसून ती माझी मीटिंग संपायची वाट बघत होती. मी खाली तेलाचा काटा बघत होतो.

“आई,” मी म्हणालो, “मीटिंग नव्हती.”

“आजची?” तिनं विचारलं.

“आजची नव्हती. कुठलीच नव्हती. माझी नोकरी गेलीय. गणपतीनंतर लगेच. तो आवाज शेजारचा नव्हता, माझ्याच इंजिनाचा होता. मी खाली गाडी बांधतोय रोज.”

यंत्र टिकटिक करत होतं. आईनं बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे मी आले तेव्हाही नव्हती.”

“नव्हती.”

“सूनबाईला माहितीये?”

“हो.”

“म्हणजे मलाच नव्हतं,” ती म्हणाली. रडली नाही, रागावलीही नाही. नुसतं समजून घेतल्यासारखं म्हणाली, आणि मान भिंतीकडे केली. मला तिची माफी मागायची होती. शब्द तोंडात होते. तेवढ्यात पडदा सारून नर्स आत आली.

गोरी, हसतमुख, बोलकी बाई होती. परक्या देशातल्या म्हाताऱ्यांशी इथले लोक जसं मोठ्यानं आणि सावकाश बोलतात तसं बोलत तिनं आईच्या बोटावरचा चिमटा पाहिला, सलाइन पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, हा तुमचा मुलगा का? घेतो ना नीट काळजी?

आईनं मान वळवली. मास्क हातानं खाली ओढला. येण्याआधी तिनं विमानतळासाठी थोडं इंग्रजी पाठ केलं होतं, त्यातलं तिला आठवलं असावं. ती कोपरावर थोडी उठली आणि चांगलं स्पष्ट म्हणाली, “येस. माय सन. सॉफ्टवेअर इंजिनियर. व्हेरी बिझी.”

नर्स माझ्याकडे बघून हसली, नशीबवान आहात म्हणाली आणि मास्क पुन्हा जागेवर बसवून निघून गेली. आईनं डोळे मिटून घेतले. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.